अपूर्णांकांच्या अध्यापनातील कोडी

अपूर्णांकाची संकल्पना व अपूर्णांकांवरील क्रिया प्राथमिक शाळेतील मुलांना समजाव्यात, यासाठी योजिलेली कोडी व कोड्यांच्या स्वरूपाचे खेळ. तुकडे जुळवून पूर्ण आकृती तयार करणे, थोड्या वस्तू अनेकांत सारख्या वाटणे, संख्यारेषेवर अपूर्णांकाचे स्थान शोधणे, दिलेल्या अंकांपासून विशिष्ट मूल्याचे अपूर्णांक बनविणे इ. प्रकार यांत मोडतात. कोडे आणि सरावाचे उदाहरण यांत महत्त्वाचा फरक आहे. उदाहरणात कोणती रीत वापरावयाची हे विद्यार्थ्याला बहुधा आधीच सांगितलेले असते. कोड्यात उद्दिष्ट तेवढे दिलेले असते व मार्ग शोधावा लागतो. तसेच उदाहरणाचे उत्तर बरोबर की चूक हे शिक्षक ठरवितो, तर चांगल्या कोड्यात ते कोडेच ठरविते : तुकडा बसत नाही, वाटणी अपुरी पडते किंवा एखादा भाग शिल्लक राहतो. नियम पाठ होऊनही अर्थ निसटून जावा, अशा या विषयात या दुसऱ्या गुणाला विशेष मोल आहे.

अपूर्णांक अवघड का वाटतात : पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलाचा संबंध मुख्यतः पूर्ण संख्यांशी येतो. ४ ही संख्या ३ पेक्षा मोठी, हे त्याच्या मनात पक्के ठसलेले असते. म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा असला पाहिजे, असे त्याला वाटते. पूर्ण संख्येच्या लगेच पुढची संख्या सांगता येते; १/२ च्या लगेच पुढचा अपूर्णांक सांगता येत नाही, कारण कोणत्याही दोन अपूर्णांकांच्या दरम्यान आणखी अपूर्णांक असतातच. शिवाय १/२, २/४, ५/१० ही एकाच संख्येची निरनिराळी रूपे असतात, ही गोष्टही मुलाला नवी असते. गुणाकाराने संख्या वाढते हा आजवरचा अनुभव येथे खोटा ठरतो. अंश व छेद या दोन सुट्या संख्या आहेत अशी समजूत झाल्यास मूल १/२ व १/३ यांची बेरीज अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ अशी करते. हे उत्तर १/२ पेक्षाही लहान आहे, म्हणजे भर घातल्यावर मूळची संख्या घटली, ही विसंगती त्याच्या ध्यानात येत नाही.

ही अडचण वयाबरोबर आपोआप नाहीशी होत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक पाहणीत १३ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना १२/१३ + ७/८ या बेरजेचे अदमासे उत्तर १, २, १९ व २१ या पर्यायांतून निवडावयास सांगितले होते. दोन्ही अपूर्णांक १ च्या अगदी जवळचे असल्यामुळे उत्तर २ हे उघड आहे. परंतु ते सु. २४ टक्के विद्यार्थ्यांनीच निवडले. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी १९ किंवा २१, म्हणजे केवळ अंशांची किंवा केवळ छेदांची बेरीज, हे उत्तर दिले. रॉबर्ट सीगलर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये अमेरिका व ब्रिटन येथील दीर्घकालीन पाहण्यांच्या आधारे असे दाखविले की, वयाच्या दहाव्या ते बाराव्या वर्षी असलेले अपूर्णांकांचे व भागाकाराचे ज्ञान हे पुढे माध्यमिक शाळेतील गणिताच्या प्रगतीचे निदर्शक ठरते. बुद्धिमत्ता, कौटुंबिक परिस्थिती व इतर गणिती ज्ञान जमेस धरूनही हा संबंध टिकून राहतो. म्हणून अपूर्णांकांपाशी अडखळलेल्या मुलाला बीजगणिताची वाट बंद होण्याचा धोका असतो.

अडचणीचे आणखी एक कारण म्हणजे अपूर्णांकाला असलेले अनेक अर्थ. थॉमस कीरेन यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या विवेचनापासून शिक्षणशास्त्रात त्याचे साधारणतः पाच अर्थ मानले जातात : पूर्णाचा भाग, भागाकाराचे फल, माप, गुणोत्तर आणि दुसऱ्या राशीवर करावयाची क्रिया. ३/४ म्हणजे एका भाकरीच्या चार समान भागांपैकी तीन भाग. तीन भाकऱ्या चौघांत वाटल्यावर प्रत्येकाला मिळणारा वाटाही ३/४ च. संख्यारेषेवरील ० व १ यांमधील एक बिंदू, तीनास चार हे प्रमाण आणि एखाद्या राशीची पाऊणपट हेही त्याचेच अर्थ होत. पाठ्यपुस्तकांत बराच काळ पहिल्या अर्थावर, म्हणजे आकृतीचा काही भाग रंगविण्यावर, भर दिला जात असे. इतर अर्थ मुलांसमोर आणण्यास वेगवेगळ्या प्रकारची कोडी उपयोगी पडतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अपूर्णांक आणि कोडी यांची संगत जुनी आहे. इ. स. पू. सु. १६५० मध्ये आमोस या ईजिप्शियन लेखनिकाने नक्कल केलेल्या व आज ऱ्हाइंड पपायरस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखात काही पाव दहा माणसांत सारखे वाटण्याचे प्रश्न आहेत. सहा पाव दहा जणांत वाटताना प्रत्येकाचा वाटा १/२ + १/१० असा दिला आहे. हे उत्तर प्रत्यक्ष कृतीशी तंतोतंत जुळते : पाच पावांचे दोन-दोन अर्धे केले की दहा जणांना एकेक अर्धा मिळतो आणि सहाव्या पावाचे दहा भाग केले की वाटणी पुरी होते.

भारतात भास्कराचार्य यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावती या ग्रंथात अपूर्णांकांवरील अनेक प्रश्न रसाळ कोड्यांच्या रूपात घातले आहेत. त्यांतील एका प्रश्नात भुंग्यांच्या थव्याचा १/५ भाग एका फुलावर व १/३ भाग दुसऱ्या फुलावर जातो, या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या फुलावर जातात आणि एक भुंगा मागे उरतो. थव्यात भुंगे किती, असे विचारले आहे. गेलेले भाग १/५, १/३ व ६/१५ असून त्यांची बेरीज १४/१५ होते. उरलेला भुंगा हा १/१५ भाग असल्याने थवा १५ भुंग्यांचा ठरतो. येथे कोड्याची किल्ली एकच आहे : सर्व भाग मिळून पूर्ण होते व उरलेला भागही मोजावा लागतो.

महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुले तालावर म्हणत. साताची पाऊणपट सव्वापाच, हे उत्तर त्यामुळे कागदाविना मिळे. बाजारातील व्यवहार याला पूरक होता. रुपयाचे सोळा आणे असत. अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची व चवली दोन आण्यांची. धान्य मोजण्यासाठी शेर, त्याच्या निम्मे मापटे व मापट्याच्या निम्मे चिपटे असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली व त्यानंतर टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे रूढ झाली. तेव्हा अपूर्णांकांची ही रोजची शाळा हळूहळू मिटली. मात्र तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व औट म्हणजे साडेतीन या सर्वांचे छेद दोन किंवा चार आहेत. ते एका वस्तूचे अर्धे व अर्ध्याचे अर्धे करून मिळतात. तिसरा, पाचवा किंवा सातवा हिस्सा त्यात येत नाही. घडी घालून अर्धे करणे मुलाला सहज जमते. तीन समान भाग करण्यासाठी मात्र आधी पूर्णाचा विचार करावा लागतो. अपूर्णांकाची व्यापक संकल्पना येथून पुढे सुरू होते.

शैक्षणिक साधनांचा विकास : फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी बालोद्यानासाठी तयार केलेल्या साधनांपैकी तिसऱ्या संचात आठ समान लहान घनांचा एक मोठा घन आहे, पाचव्या संचातील २७ घनांपैकी तीन घन निम्म्यांत व तीन घन चतुर्थांशांत कर्णरेषेवर कापलेले आहेत. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या साधनांत एक ते दहा समान भागांत विभागलेली दहा धातूची वर्तुळे येतात. बेल्जियन शिक्षक झॉर्झ क्वीझनेर (१८९१–१९७५) यांनी एक ते दहा सेंमी. लांबीच्या रंगीत कांड्या प्रचारात आणल्या; त्यांवरील त्यांचे पुस्तक १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात षट्कोन, समलंब चौकोन, समभुज चौकोन व त्रिकोण इ. आकारांच्या ठोकळ्यांचा संच तयार झाला. या साधनांना कोड्याचे रूप देता येते, पण ती स्वतः कोडी नव्हेत. साधन मुलाच्या हाती देऊन त्याने काय शोधावयाचे हे ठरविल्यावाचून त्यांतून अपूर्णांक निष्पन्न होत नाही.

कोड्यांचे प्रमुख प्रकार : (१) तुकडे जुळविण्याची कोडी : टँग्रम हे मूळचे चिनी कोडे असून त्यावरील उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक १८१३ चे आहे. यात एका चौरसाचे सात तुकडे केलेले असतात. मोठे दोन त्रिकोण प्रत्येकी १/४, मधला त्रिकोण, चौरस व समांतरभुज चौकोन प्रत्येकी १/८ आणि लहान दोन त्रिकोण प्रत्येकी १/१६ भाग व्यापतात. मूळ चौरसाला रुपया मानल्यास मोठा त्रिकोण ही पावली, मधला त्रिकोण ही चवली आणि लहान त्रिकोण हा आणा होतो. सोळा आण्यांचा जुना हिशेब या आकृतीत तंतोतंत बसतो. ‘अर्ध्या रुपयाचे तुकडे निवडा’ असे सांगितल्यास मुले दोन मोठे त्रिकोण घेतील किंवा एक मोठा त्रिकोण, मधला त्रिकोण व चौरस घेतील. मधला त्रिकोण, चौरस व समांतरभुज चौकोन हे तिन्ही आकार भिन्न असले, तरी दोन लहान त्रिकोणांनी ते प्रत्येकी झाकले जातात. समान भाग म्हणजे एकाच आकाराचे भाग नव्हेत, तर समान क्षेत्रफळाचे भाग, हे त्यावरून कळते.

वर उल्लेखिलेल्या ठोकळ्यांच्या संचात षट्कोन हे पूर्ण मानल्यास समलंब चौकोन १/२, समभुज चौकोन १/३ व त्रिकोण १/६ होतो. ‘तीन वेगवेगळ्या तुकड्यांनी षट्कोन झाका’ या कोड्याचे उत्तर १/२ + १/३ + १/६ = १ हे आहे. अंश १ असलेल्या तीन भिन्न अपूर्णांकांची बेरीज १ होण्याचा हा एकमेव प्रकार होय. पुढच्या पायरीवर समलंब चौकोनालाच पूर्ण मानावे. तेव्हा त्रिकोण १/३ व समभुज चौकोन २/३ होतो. तुकडा तोच राहून अपूर्णांक बदलला, म्हणजे अपूर्णांक हा तुकड्याचा गुण नसून तुकडा व पूर्ण यांच्यातील संबंध आहे, हा यातील मुख्य बोध होय. हे सर्व आकार जाड पुठ्ठ्यातून कापून घेता येतात.

(२) वाटणीची कोडी : तीन भाकऱ्या चौघांत सारख्या वाटा, हा प्रश्न मुले दोन रीतींनी सोडवितात. काही जण प्रत्येक भाकरीचे चार भाग करून प्रत्येकाला तीन चतकोर देतात. काही जण दोन भाकऱ्यांचे अर्धे करून प्रत्येकाला अर्धी व तिसऱ्या भाकरीची एक-एक चतकोर देतात. दोन्ही वाटण्या न्याय्य आहेत हे मान्य झाले की ३ × १/४ = १/२ + १/४ ही समता मुलांनी स्वतः शोधलेली असते. नेदरलँड्समधील लीन स्ट्रीफलंड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा वाटणीच्या प्रसंगांवर संपूर्ण अध्यापनक्रम उभारला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही (स्थापना १९७४) वाटणी व मापन या दोन अर्थांचा मेळ घालून अपूर्णांक शिकविण्याचे प्रयोग झाले आहेत. सुट्या वस्तूंच्या समूहासाठी चिंचोके किंवा खडे पुरतात : १२ चिंचोक्यांचा १/३ व १/४ यांत मोठा कोणता, हे मोजून ठरविता येते.

(३) विसंगतीची कोडी : १७ उंटांपैकी थोरल्या मुलाला १/२, मधल्याला १/३ व धाकट्याला १/९ द्यावे, असे मृत्युपत्र असते. वाटणी होईना म्हणून शेजारी आपला एक उंट देतो. १८ उंटांपैकी ९, ६ व २ उंट वाटले जातात आणि शेजाऱ्याचा उंट त्याला परत मिळतो. हा चमत्कार कसा घडला, हे विचारणे हेच खरे कोडे. तिन्ही भागांची बेरीज १७/१८ आहे. मृत्युपत्राने पूर्ण मालमत्ता वाटलेलीच नव्हती. पाचवीच्या सुमारास, छेद समान करून बेरीज करणे आल्यावर हे कोडे घातल्यास त्या बेरजेला प्रयोजन मिळते.

(४) संख्यारेषेवरील व अंकांची कोडी : दोरीच्या एका टोकाला ० व दुसऱ्या टोकाला १ अशी पत्रे लावून मधे अपूर्णांकांची पत्रे टांगण्याच्या खेळात ३/४ व ६/८ ही पत्रे एकाच जागी येतात, तर ५/४ चे पत्र लावण्यासाठी दोरी वाढवावी लागते. अपूर्णांक नेहमी १ पेक्षा लहानच असतो, हा समज त्यामुळे दूर होतो. अंकांच्या कोड्याचे एक उदाहरण असे : १, २, ३ व ४ हे अंक एकेकदाच वापरून असे दोन अपूर्णांक बनवा की, त्यांची बेरीज १ पेक्षा कमी, पण शक्य तितकी मोठी असावी. दोन्ही अपूर्णांक १ पेक्षा लहान ठेवल्यास तीन जोड्या संभवतात; त्यांपैकी १/४ + २/३ = ११/१२ हे उत्तर होय. येथे मुले अनेक बेरजा आपण होऊन करतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बेरजेपूर्वी अदमास बांधतात.

संगणकीय कोडी : अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या क्रीडाविज्ञान केंद्रात २०१० च्या सुमारास रिफ्रॅक्शन नावाचा खेळ तयार करण्यात आला. यात एका किरणशलाकेचे दोन किंवा तीन समान भाग करणारी साधने योग्य जागी ठेवून अवकाशयानांना १/२, १/४, १/६ अशी ठरावीक शक्ती पुरवावयाची असते. १/६ मिळविण्यासाठी दोन भाग करणारे व तीन भाग करणारे अशी दोन्ही साधने एकापुढे एक ठेवावी लागतात. त्यामुळे १/२ चा १/३ म्हणजे १/६ हा गुणाकार डोळ्यांसमोर घडतो. दोन व तीन यांच्या साहाय्याने पाचवा भाग का मिळत नाही, या प्रश्नातून छेदांच्या अवयवांकडेही जाता येते. याच खेळावर आधारलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात केवळ कोडी पुरी करण्याबद्दल गुण देण्याऐवजी प्रयत्न, नवी युक्ती व टप्प्याटप्प्याने होणारी प्रगती यांबद्दल गुण देण्यात आले. तेव्हा मुले अधिक वेळ कोड्याला चिकटून राहिली, असे आढळले.

अध्यापनातील उपयोग : कोडे पाठाच्या अखेरीस करमणूक म्हणून देण्यापेक्षा पाठाच्या आरंभी दिल्यास अधिक उपयोगी ठरते, कारण त्यामुळे नियमाची गरज निर्माण होते. सामान्यतः चार पायऱ्या पाळल्या जातात : वस्तू हाताळणे, तिचे चित्र काढणे, केलेली कृती शब्दांत सांगणे व शेवटी चिन्हांत लिहिणे. तिसरी पायरी वगळली जाण्याचा संभव फार असतो. तथापि खेळातील कृती आणि वहीतील चिन्हे यांना जोडणारा दुवा तोच आहे. मराठीत पाव, पाऊण, चतकोर यांसारखे घरगुती शब्द असल्यामुळे ही पायरी मुलांना परिचित शब्दांतून चढता येते. जोडीने खेळावयास दिल्यास मुलांना आपल्या निवडीचे समर्थन करावे लागते व चुकीची समजूत उघड होते. अशी चूक शिक्षकाने लगेच दुरुस्त न करता तुकडे ठेवून पाहण्यास सांगावे. १/२ व १/३ यांची बेरीज २/५ सांगणाऱ्या मुलाने समलंब चौकोन व समभुज चौकोन षट्कोनावर ठेवले की केवळ एका त्रिकोणाची जागा उरते. उत्तर ५/६ असल्याचे त्याला दिसते.

मर्यादा : सर्वच खेळांना हे गुण लागू पडत नाहीत. उदाहरण सोडविल्यावर पुढची चाल मिळते, अशा खेळात अपूर्णांक हा केवळ जकातीसारखा भरावयाचा असतो; तो काढून तेथे स्पेलिंग किंवा बेरजा घातल्या तरी खेळ तोच राहतो. ज्या खेळात अपूर्णांकाचा विचार केल्यावाचून चालच करता येत नाही, त्याचाच अध्यापनास खरा उपयोग होतो. वेगाच्या चढाओढीत आधीच पुढे असलेली मुले खेळतात व मागे पडलेली प्रेक्षक बनतात. तुकड्यांच्या कोड्यांत आकाराच्या खुणा पाहून विचाराविना जुळणी करता येते. वर्तुळाचे पाच किंवा सात समान भाग हाताने करणे कठीण असल्याने केवळ वर्तुळावर भिस्त ठेवल्यास मुलांचे अनुभव पुन्हा अर्धे व पाव यांतच अडकून पडतात. अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागणे यासारख्या क्रिया कोड्यांतून सुचविता येतात. त्यांत प्रावीण्य येण्यास मात्र नियमित लेखी सराव लागतो. कोडी सुटली एवढ्यावरून संकल्पना समजली, असा निष्कर्ष काढता येत नाही. साधने बाजूला ठेवल्यावर, कोणतीही आकडेमोड करण्यापूर्वी, १२/१३ व ७/८ यांची बेरीज दोनच्या जवळपास असली पाहिजे, असे मुलाने सकारण सांगणे ही त्याची अधिक विश्वसनीय कसोटी होय.